अंबूताईचा पिवळा दोरा

म्हैसुरात गाडीची सीट उसवली की माणसं चामराजपुरममध्ये अंबूताईकडे जातात, आणि थोडी घाबरतच जातात. कारण ही बाई आधी सीट बघतच नाही. गाडीभोवती एक फेरी मारते, टायरवर लाथ घालून बघते, दार उघडून हँडब्रेक ओढते आणि मगच विचारते, कव्हर कुठल्या रंगाचं हवं. एका डॉक्टरांना तिने, हँडब्रेकची तार बदलून आणा, मग कव्हर शिवते, असं सांगून दारातून परत पाठवलं होतं. डॉक्टर तणतणत गेले. आठवड्याने तार बदलून आले आणि त्यानंतर कधी दुसरीकडे गेले नाहीत.

पूर्ण नाव अंबुजा. २०१७ साली, म्हणजे ही गोष्ट घडली तेव्हा, वय त्रेचाळीस. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती हातातली कात्री खाली न ठेवता उत्तर द्यायची, त्यामुळे तो प्रश्न हळूहळू बंद पडला. घराणं नामदेव शिंप्यांचं, पाच-सहा पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडायचं असेल तर दोन्ही. आजोबा कोट शिवायचे. वडील विठ्ठलराव यांनी कोटाचे दिवस संपले हे वेळीच ओळखलं, जाड सुईचं मशीन घेतलं आणि गाड्यांच्या सीटा शिवू लागले. पण कोटवाल्याची शिस्त त्यांनी सोडली नाही. कुठलंही काम आधी कच्च्या टाक्यांनी जोडायचं, बसवून बघायचं, मग मशीनवर पक्कं करायचं आणि कच्चे टाके एकूण एक काढून टाकायचे. कच्चा टाका राहिलेलं काम दुकानाबाहेर गेल्याचं कळलं की विठ्ठलराव त्या दिवशी जेवत नसत. चूक कोणाची यावरून घरात वाद नको म्हणून त्यांनी प्रत्येकाचा कच्चा दोरा वेगळ्या रंगाचा ठेवला होता. स्वतःचा पांढरा, बायको सरस्वतीबाईंचा तांबडा, मुलगा नागराजचा हिरवा आणि धाकट्या अंबूचा पिवळा. हे रंग लक्षात असू द्या.

दुकानामागच्या खोलीत काचेच्या कपाटात एक कप आहे. त्यावर कोरलंय, 'व्ही. नागराज, १९९६'. दसऱ्यात आयुधपूजेला म्हैसुरातला प्रत्येक कारागीर आपली हत्यारं धुऊन-पुसून मांडतो. यांच्याकडे मशीन, कात्र्या, टेप, खडू आणि सगळ्यांच्या मधोमध तो कप. त्याला हळदकुंकू लावायचं ते अंबूने, आणि मग जमलेल्या पाहुण्यांना नागराजने गोष्ट सांगायची, त्या दिवशी मैदानात केवढी धूळ होती, शेवटच्या वळणावर मागचं चाक कसं सुटायला आलं होतं आणि त्याने गाडी कशी सावरली. नागराज गोष्ट सांगतो फार सुरेख. अंबू शेजारी कुंकवाची वाटी धरून उभी असायची आणि दरवर्षी तिला ती वाटी त्याच्या डोक्यावर उपडी करावीशी वाटायची.

कारण शेवटच्या वळणावर ते चाक सावरलं होतं तिने.

झालं होतं असं. विठ्ठलरावांनी एक मोडीतली मारुती उचलून नीट केली होती, सामान पोचवायला. त्याच गाडीवर दोन्ही मुलं चालवायला शिकली. नागराजला हौस दांडगी, त्याने गावाबाहेरच्या मैदानातल्या शर्यतीत नाव घातलं. सरस्वतीबाईंनी त्याच्या मापाचा निळा सुती सूट कापून शिवला. आणि त्या दिवशी, नाव पुकारायला पंधरा मिनिटं असताना, नागराज सामानाच्या टेम्पोमागे जाऊन ओकला. काही केल्या गाडीत बसेना. बाहेर पहिल्या रांगेत वडील नवा शर्ट घालून बसलेले. अंबू बावीस वर्षांची होती. उंची दोघांची सारखीच, फक्त तो अंगाने रुंद. तिने सुईदोरा काढला, सूट कमरेत तीन इंच आत घेतला, बाह्या आवळल्या, सगळं कच्च्या टाक्यांवर. हेल्मेट घातलं आणि गेली. जिंकून परत टेम्पोमागे आली, सूट उतरवला. नागराज घाम आल्याचं सांगत, सूट खांद्यावर टाकून लोकांसमोर आला.

त्याच रात्री खरं सांगून टाकायचं असं अंबूने ठरवलं होतं. पण विठ्ठलरावांनी मुलाचा हात धरून त्याला देवराज मार्केटमध्ये ओळखीच्या प्रत्येक दुकानात नेलं, विठोबाच्या देवळात भजनाला बसलेल्या मंडळींसमोर उभं केलं. तो माणूस आयुष्यात इतका खूश कधी दिसला नव्हता. अंबूच्याने बोलवेना. तो सूट वडिलांनी धुऊही दिला नाही, मैदानातल्या धुळीसकट कापराच्या वड्या घालून ट्रंकेत ठेवला आणि किल्ली स्वतःकडे घेतली. कच्चे टाके आतच राहिले, हे अंबूला अंथरुणावर पडल्यावर आठवलं. वडिलांच्या हयातीत तिच्याकडून राहिलेली ती एकच चूक.

नागराजने पुढे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं. नाव ठेवलं 'चॅम्पियन'. शर्यतीच्या क्लबात तो कमिटीवर गेला, पोरं त्याला वाकून नमस्कार करू लागली. स्वतः मात्र तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. पाठ दुखते म्हणायचा.

विठ्ठलराव २०१३ साली गेले. दहावा-तेरावा झाला आणि अंबूने येसाजीरावांना विचारलं, एखादी जुनी मारुती एस्टीम मिळेल का. येसाजीराव म्हणजे शेजारच्या गॅरेजातले म्हातारे मिस्त्री, बोलणं कमी आणि खोकणं जास्त. त्यांनी सरगूरच्या एका माणसाच्या शेतात पडलेली, जिच्यात कोंबड्या बसत होत्या ती अठ्ठ्याण्णवची एस्टीम आणून दिली. तीन वर्षं दोघं तिच्यामागे लागली होती. इंजिन काढून त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं बसवलं. आत लोखंडी पिंजरा जोडला, स्प्रिंगा आखूड केल्या, रुंद टायर चढवले. गाडी हलकी करायची म्हणून अंबूने छताचं कापड, गालिचे, मागची सीट, सगळं उपसून काढलं. जन्मभर गाड्यांना कपडे घालणाऱ्या बाईने स्वतःची गाडी उघडी केली म्हणून गल्लीत चेष्टा झाली. कोणी विचारायचं, अंबूताई, हिचं लग्न कधी. अंबू म्हणायची, तुमच्या दारावरून नेईन तेव्हा कळेलच.

क्लबाने २०१७ साली नव्या प्रकारची स्पर्धा जाहीर केली. टाइम अटॅक. यात गाड्या शेजारी-शेजारी पळत नाहीत. एकेक गाडी एकटी सोडतात, घड्याळ लावतात, सर्वांत कमी वेळ ज्याचा तो पुढे. अंबूला हे फार आवडलं. इथे धूळ नाही, गर्दी नाही, कोणाच्या आड लपणं नाही. गाडी, हात आणि वेळ, आणि त्या वेळेपुढे एक नाव. तिला कप नको होता. तिला ते नाव हवं होतं.

फॉर्म भरून तिने नागराजकडे दिला, कमिटीवर तो होता म्हणून. ही तिची दुसरी चूक. फॉर्म बघून त्याचं तोंड उतरलं. सुम्मने, उगाच कशाला या वयात हट्ट, असं म्हणाला. बायकांसाठी वेगळा गट आहे, त्यात घालू का, असंही विचारून बघितलं. अंबूने विचारलं, घड्याळाला कळतं का आत बाई आहे की बुवा. तो हसला आणि फॉर्म खिशात घालून गेला.

स्पर्धा होती तलकाडकडे जाणाऱ्या बसच्या रस्त्याला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात. आतले सिमेंटचे रस्ते जोडून दोन किलोमीटरला थोडा कमी असा मार्ग आखला होता. वजनकाट्यापासून सरळ, चिमणीला वळसा, मग गोदामाच्या कोपऱ्यावर एक घट्ट वळण. सकाळी नवाला अंबू आणि येसाजीराव गाडी घेऊन पोचले तेव्हा बेंगळुरूची पोरं आपापल्या परदेशी, बुटक्या, चकचकीत गाड्या पुसत होती. एस्टीमकडे बघून त्यांच्यातला एकजण, चहा आणलात का, असं विचारून गेला. अंबूने त्याचा गाडी नंबर लक्षात ठेवला.

तपासणीत गाडी पास झाली. अंबू झाली नाही. तिने स्वतःसाठी काळा सूट शिवला होता, आणि शिवताना हात आवरला नाही. खांद्यांना, कोपरांना दुकानातल्या उत्तम तांबड्या रेक्झिनच्या पट्ट्या लावल्या होत्या, शिलाई अशी की बघत राहावं. तपासणीच्या टेबलावर बसलेला गुरुराज, एरवी कॉलेजात शिकवणारा सज्जन माणूस, त्याने नाव विचारायच्या आधीच शिलाईचं मनापासून कौतुक केलं आणि सूट नापास केला. आग लागली तर रेक्झिन वितळून अंगाला चिकटतं. पूर्ण बाह्यांचा निव्वळ सुती सूट हवा. जन्मभर रेक्झिन हाताळलेल्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. नटवायच्या नादात विसरली, एवढंच.

ती तशीच उभी असताना लाउडस्पीकरवर घोषणा झाली. सतरा नंबरची गाडी, चालक व्ही. नागराज, एकवीस वर्षांनी आपला चॅम्पियन पुन्हा मैदानात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सतरा नंबर एस्टीमचा होता.

नागराज तिला क्लबाच्या सामानाच्या टेम्पोमागे सापडला. तिथे सरस्वतीबाई खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर कपाची पिशवी आणि तो निळा सूट. पाहुण्यांच्या टेबलावर दोन्ही मांडायचं म्हणून नागराजने आईला ट्रंक उघडून आणायला लावलं होतं. अंबूने विचारायच्या आधीच तो बोलू लागला. यादी करताना सगळ्यांनी विचारलं, तुम्ही कधी उतरणार. तो हो म्हणून बसला आणि फॉर्मवर तिच्या नावाजागी स्वतःचं नाव घातलं. लोक त्याच्या नावावर आले आहेत. आणि आता बघ, तुझा सूटपण नापास झाला.

"माझा सूट आहे की इथं," तो हळूच म्हणाला. "हेल्मेट घाल आणि जा. मागच्यासारखं. कुणाला गोत्त होणार नाही, कळणारच नाही."

अंबूला आधी ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग कळलं तेव्हा पायापासून डोक्यापर्यंत आग झाली. एकवीस वर्षांत याने एकदा तरी माफी मागितली असती, निदान खासगीत एकदा बरं केलंस म्हटलं असतं, तर तिने कदाचित आजही ऐकलं असतं.

"गाडी माझी," ती म्हणाली. "हात माझे. आणि आज नावपण माझंच लागणार. नाहीतर ती गाडी मी इथंच या टेम्पोला नेऊन घालते. अष्टे, एवढंच."

"आई बसली आहे, हळू बोल," नागराज म्हणाला.

सरस्वतीबाई तोवर सूट उलटा करत होत्या. वय शहात्तर, पण चष्म्याशिवाय सुई ओवणाऱ्या. त्यांनी कमरेची शिवण वर धरली. विटका, पण पिवळाच दोरा.

"हा सूट मी तुझ्या मापानं कापला होता नागराज," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी संध्याकाळी घडी घालायला घेतला तर कमरेत तीन इंच कमी. मी पण शिंप्याच्याच घरची आहे रे. एकवीस वर्षं बघतेय, दोघांपैकी कोण सांगतंय ते."

नागराज टेम्पोच्या पायरीवर बसला. अंबूला आईला मिठी मारावीशी वाटायला हवी होती, पण तिला आला तो राग. दरवर्षी हातात कुंकवाची वाटी देणारी हीच. मग तू का नाही बोललीस, असं तिने ओरडूनच विचारलं.

"तुझ्या वडिलांचं तोंड बघून. तू पण त्यांच्यासाठीच गप्प बसलीस नं?" आई म्हणाल्या. "ते जाऊन चार वर्षं झाली. तू बोलशील म्हणून थांबले. तू गाडी करत बसलीस, मग म्हटलं, ही गाडीनंच बोलणार आहे. चल, घाल हा."

अंबूने पाय घातले, बाह्या चढवल्या. एकवीस वर्षांनी तिची कंबर काही तेवढीच राहिलेली नव्हती, आणि दोराही कुजला होता. वाकली मात्र, तडतड करून सगळे टाके सुटले आणि सूट पोत्यासारखा झाला. गाड्या सोडायला सुरुवात झाली होती. सतरा नंबर यायला वीस मिनिटंही नव्हती. सरस्वतीबाईंनी पदराच्या टोकाला खोचलेली सुई काढली आणि दुसऱ्या हाताने पिशवीतून रीळ. रीळ पिवळं होतं. म्हणजे घरून निघतानाच ते पिशवीत टाकलं होतं.

"उभी राहा. आता कच्चं नको, दुहेरी घालते."

अंगावरचं कापड शिवायचं नसतं. अगदीच वेळ आली तर ज्याच्या अंगावर शिवायचं त्याने दातात दोऱ्याचा तुकडा धरायचा आणि शिवण होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं या घरात आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं. आईने वीतभर दोरा तोडून अंबूच्या दातांत दिला. मग नागराजकडे न बघता म्हणाल्या, यादीत दुरुस्ती करायला फॉर्म देणाऱ्याची सही लागते असं ते टेबलावरचे सांगत होते. तू काय करायचं ते तू बघ.

नागराज उठला. अंबू जागेवरून हलू शकत नव्हती आणि बोलूही शकत नव्हती. हे तिला एवढं जड आयुष्यात कधी गेलं नव्हतं. तिच्या तोंडात त्याला सांगण्यासारखी दहा वाक्यं तयार होती आणि तिथे होता वीतभर दोरा. नागराज टेबलाशी पोचला. निळ्या सुती सूटकडे बोट दाखवून गुरुराजशी काहीतरी बोलला. गुरुराजने मान डोलवून वही पुढे केली. नागराजने पेन हातात घेऊन एकदा टेम्पोकडे वळून बघितलं. मग त्याने सही केली आणि स्वतःहून माईक मागून घेतला.

सतरा नंबर गाडीच्या चालक व्ही. अंबुजा, असं तो कन्नडमध्ये म्हणाला. माझी धाकटी बहीण. मघाशी सांगितलं ते चूक होतं. ती माझ्यापेक्षा चांगली चालवते, मी एकदा डोळ्यांनी बघितलंय.

लोक हसले, कोणी शिट्टी मारली. एकदा बघितलं म्हणजे कधी, हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तेवढ्यावर अंबूचा राग गेला नाही, आणि का जावा? पण नाव यादीत चढलं होतं. आईने शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि तिच्या पाठीवर थाप दिली. येसाजीराव हेल्मेट घेऊन धावत आले. अंबू गाडीत बसली, पट्टे आवळले, आणि निशाण पडलं.

पहिला फेरा टायर तापवायचा, त्याची वेळ धरत नाहीत. पुढचे दोन मोजतात, त्यातला चांगला तो खरा. पहिला मोजणीचा फेरा अंबूने वडिलांनी शिकवल्यासारखा घेतला, कच्च्या टाक्यांचा. कुठे किती दाब सोडायचा, चिमणीच्या वळशात सिमेंटची फट कुठे लागते, गोदामाशी ब्रेक केव्हा दाबला की गाडी वाकते, सगळं बघून घेतलं. एक मिनिट एकतीस. लाउडस्पीकरवाल्याने ठीक आहे अशा सुरात वाचून दाखवलं.

दुसऱ्या फेऱ्यात तिने कुठे काही राखलं नाही. वजनकाट्यापाशी एवढ्या वेगात आली की पिंजरा कण्हायला लागला. चिमणीला आतून घासत गेली. कुंकवाची वाटी आठवत होती, एकवीस दसरे, एकवीस वाट्या, आणि प्रत्येक गिअरला एकेक मागे टाकत होती. गोदामाच्या कोपऱ्यावर मागचं चाक सुटलं, अगदी तेव्हासारखं. भिंत खिडकीत आली. पाय उचलायला सांगत होतं सगळं अंग, तिने नाही उचलला. स्टिअरिंग उलट दिलं, गाडी क्षणभर आडवी चालली आणि मग सरळ झाली, आणि समोर सरळ रस्ता होता आणि शेवटची पट्टी होती, घड्याळ थांबवणारी.

एक मिनिट सव्वीस आणि चार दशांश. मोठ्या इंजिनांच्या खुल्या गटात अठरा गाड्या होत्या, त्यांत शेवटी ती तिसरी आली. सकाळी चहा विचारणारा पोरगा सातवा होता, हे तिने नंतर मुद्दाम जाऊन बघितलं.

पण ते नंतर. मार्गाच्या शेवटी गाडी थांबवल्याबरोबर वेळेची चिठ्ठी लिहिणारा माणूस खिडकीशी वाकला. नवाच होता, त्याने घोषणा ऐकली नव्हती, हातातल्या छापील यादीवर अजून जुनंच नाव होतं. मागून नागराज धापा टाकत येत होता, त्याच्यामागे येसाजीराव, आणि लांब खुर्चीवरून उठून उभ्या राहिलेल्या सरस्वतीबाई दिसत होत्या. माणसाने हेल्मेटकडे बघून विचारलं, नागराज ना तुम्ही?

अंबूने हेल्मेट काढलं आणि बोलायला गेली तर तोंड उघडेना. दात अजून आवळलेले होते. तिन्ही फेरे ती तो दोरा तसाच धरून होती. तिने बोट घालून तो बाहेर काढला, ओला, चावून चोळामोळा झालेला पिवळा दोरा, आणि मुठीत धरला.

"व्ही. अंबुजा," ती म्हणाली.

आणि तो ते लिहून होईपर्यंत, स्टिअरिंगवरचा हात न काढता, त्याच्या पेनाकडे बघत राहिली.